कासेतली पेशी, वनस्पतींतली संयुगं आणि मधलं कोठीपोट

प्रश्न असा आहे: गायीच्या कासेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांना सोयाबीनमधलं जेनिस्टीन, कांद्यातलं क्वेर्सेटिन किंवा अशीच वनस्पतिजन्य संयुगं दिली, की कधी केसिन हे दुधातलं मुख्य प्रथिन वाढल्याचे तर कधी घटल्याचे निष्कर्ष येतात. ही संयुगं पेशीत नेमकं काय करतात? आणि त्यावरून गायीच्या खाद्यात काय घालावं, हे ठरवता येतं का?

दुग्धस्रावाची शरीरक्रिया आणि दुभत्या जनावरांचा आहार हेच माझं काम असल्यानं थेट उत्तर आधी देतो. पेशींवर परिणाम होतो, हे खरं आहे आणि त्यातले बरेच मार्ग आता नीट माहीत झाले आहेत. पण वनस्पतीत असलेलं संयुग आणि कासेतल्या पेशीपाशी पोचणारं संयुग ही बहुतेक वेळा दोन वेगळी द्रव्यं असतात. मध्ये कोठीपोट आहे, म्हणजे गायीच्या चार पोटांपैकी सूक्ष्मजीव चारा आंबवतात ते पहिलं पोट, आतड्याची भिंत आहे, यकृत आहे. त्यामुळे पेशीवरचा प्रयोग वाचून खाद्याचा निर्णय घेऊ नये. तरीही हे प्रयोग निरुपयोगी नाहीत. ते कशासाठी उपयोगी आहेत, हे सांगायला थोडं खोलात जावं लागेल.

आधी पेशीचं काम पाहू. कासेत असंख्य सूक्ष्म कूपिका असतात. कूपिकेच्या आतल्या बाजूला दूध तयार करणाऱ्या पेशींचा एकेरी थर असतो, त्याभोवती आकुंचन पावणाऱ्या पेशींची जाळी आणि त्याबाहेर केशवाहिन्या. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे ही जाळी आवळली गेल्यानं. दूध तयार करण्याचं काम मात्र आतल्या थराचं. एक लिटर दूध तयार व्हायला कासेतून साधारण ४०० ते ५०० लिटर रक्त वाहावं लागतं. त्या रक्तातून या पेशी ग्लुकोज, ॲमिनो आम्लं, ॲसिटेट आणि मेदाम्लं उचलतात.

दूध किती निघणार, हे मुख्यतः लॅक्टोजवर, म्हणजे दुधातल्या साखरेवर ठरतं. पेशीच्या गॉल्जी पिंडात ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज जोडून लॅक्टोज बनतं. ते पटलातून बाहेर निसटू शकत नाही, म्हणून परासरणानं पाणी आत ओढलं जातं. दुधात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, ते असं येतं. एक लिटर दुधामागे साधारण ७० ग्रॅम ग्लुकोज खर्ची पडतं आणि गायीला ते चाऱ्यातून जवळजवळ आयतं मिळत नाही. कोठीपोटात तयार झालेल्या प्रोपिऑनेटपासून यकृताला ते घडवावं लागतं. ही गोष्ट लक्षात ठेवा. कासेला हातही न लावता दूध वाढवण्याचा मोठा मार्ग इथून जातो.

प्रथिनांचं नियंत्रण वेगळं आहे. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक पेशीच्या ग्राहीवर, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनावर बसलं की जॅक-२ नावाचं विकर जागं होतं, ते स्टॅट-५ या प्रथिनाला फॉस्फेट जोडतं, आणि स्टॅट-५ केंद्रकात जाऊन केसिनची जनुकं चालू करतं. जनुक चालू झालं तरी प्रत्यक्ष प्रथिन किती बनणार, हे एमटॉर नावाची यंत्रणा ठरवते. तिला ॲमिनो आम्लं पुरेशी आहेत का आणि इन्सुलिनचा इशारा आहे का, हे कळतं. दुधातला साधारण निम्मा स्निग्धांश पेशी स्वतः ॲसिटेट आणि बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेटपासून घडवते, उरलेला रक्तातून तयार मेदाम्लांच्या रूपात घेते. या कामावर एसआरईबीपी-१ या नियामक प्रथिनाची देखरेख असते.

आणखी दोन गोष्टी प्रयोगांच्या अहवालात सहसा मागे पडतात. पहिली म्हणजे पेशींमधले घट्ट सांधे. क्लॉडिन आणि ऑक्लुडिन ही प्रथिनं शेजारच्या पेशी एकमेकींना अशा शिवून टाकतात की रक्तातलं सोडियम दुधात आणि दुधातलं लॅक्टोज रक्तात जाऊ नये. दुसरी म्हणजे पेशींची संख्या. वेताचा उच्चांक ओलांडल्यावर दूध कमी होत जातं, त्याचं मुख्य कारण दूध तयार करणाऱ्या पेशी घटत जातात हे आहे. उरलेली प्रत्येक पेशी तेव्हाही बऱ्यापैकी पूर्वीइतकंच काम करत असते. म्हणून पेशी जास्त काळ टिकवणारं संयुग आणि पेशीकडून जास्त काम करून घेणारं संयुग, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्याच मोजाव्या लागतात.

आता वनस्पतींकडे येऊ.

सर्वांत जास्त अभ्यास आयसोफ्लेवोनांचा झाला आहे. सोयाबीनमध्ये जेनिस्टीन आणि डेडझीन, तांबडं क्लोव्हर या चारापिकात बायोकॅनिन-ए आणि फॉर्मोनोनेटिन, लसूणघासात कुमेस्ट्रॉल. कुमेस्ट्रॉल रासायनिकदृष्ट्या जरा वेगळ्या गटातलं आहे, पण त्याचं वागणं याच जातीचं. या सगळ्यांची रचना इस्ट्रोजेनसारखी असल्यानं ती इस्ट्रोजेनच्या ग्राहीवर बसतात. इस्ट्रोजेन म्हणजे कासेची वाढ, म्हणून ही संयुगं दूध वाढवतील, असा तर्क सहज केला जातो. तो घाईचा आहे. गाभणपणात इस्ट्रोजेन कासेच्या वाढीला मदत करतं, पण चालू वेतात जास्त इस्ट्रोजेन दिलं तर दूध कमी होतं. एकाच संप्रेरकाचा परिणाम अवस्थेनुसार उलटतो.

जेनिस्टीनची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. ते टायरोसिन कायनेज या विकरांना अडवतं, हे १९८७ पासून माहीत आहे. जॅक-२ हेही टायरोसिन कायनेजच. म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या ताटलीत जेनिस्टीनचा डोस चढवला आणि केसिन घटलं, तर त्यामागे इस्ट्रोजेनसारखा गुणधर्मच असेल असं नाही. प्रोलॅक्टिनचा निरोपच वाटेत अडवला गेलेला असू शकतो. उंदराच्या स्तनपेशींवर जपानी संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कामात कुमेस्ट्रॉल आणि जेनिस्टीन या दोघांनी पेशींमधले घट्ट सांधे सैल केले, बीटा-केसिनचं उत्पादन घटवलं आणि काही पेशी मरणाच्या वाटेला लावल्या. डेडझीननं सांधे सैल केले, पण केसिनला धक्का लावला नाही. एकाच जातीचं वागणं असलेली तीन संयुगं, एकाच प्रकारच्या पेशी, आणि तरी हिशोब सारखा नाही. 'आयसोफ्लेवोन दुधाला चांगले की वाईट' या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही, तो यामुळे.

आता हीच संयुगं गायीच्या तोंडातून आत गेली की काय होतं ते पाहा. कोठीपोटातले सूक्ष्मजीव बायोकॅनिन-ए चं जेनिस्टीन करतात आणि जेनिस्टीन मोडून पॅरा-इथाइलफिनॉल करतात. त्यात इस्ट्रोजेनचा गुण उरत नाही. उलट फॉर्मोनोनेटिनचं डेडझीन होतं आणि डेडझीनचं इक्वॉल होतं, जे मूळ संयुगापेक्षा जास्त प्रभावी इस्ट्रोजेन आहे. म्हणजे कोठीपोट एकाला निकामी करतं आणि दुसऱ्याला धार लावतं. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९४० च्या दशकात विशिष्ट क्लोव्हरवर चरणाऱ्या मेंढ्या मोठ्या प्रमाणात वांझ होऊ लागल्या. त्याचं मूळ पुढे फॉर्मोनोनेटिन आणि त्यापासून होणाऱ्या इक्वॉलमध्ये सापडलं. गायी मेंढ्यांइतक्या संवेदनशील नसतात. पण तांबडं क्लोव्हर खाणाऱ्या गायींच्या दुधात इक्वॉल स्पष्टपणे वाढलेलं मिळतं, म्हणजे ते कासेपर्यंत नक्की पोचतं. गायीच्या पेशींवर आयसोफ्लेवोनांचा अभ्यास करायचा असेल, तर जेनिस्टीनपेक्षा इक्वॉलवर करणं जास्त सयुक्तिक आहे.

वनस्पतीपासून कासेतल्या पेशीपर्यंतची साखळी सगळ्या कड्यांनिशी सिद्ध झालेलं एक उदाहरण आहे आणि मला ते सर्वांत शिकवणारं वाटतं. तेलबियांमध्ये आणि चाऱ्यात लिनोलेइक आम्ल असतं. चारा आणि तंतुमय भाग पुरेसा असेल, तर कोठीपोटातले जीवाणू त्याला नेहमीच्या मार्गानं संपृक्त करतात. पण आंबोणातला, म्हणजे खुराकातला स्टार्च वाढला, तंतू घटले आणि वर तेल पडलं, की जीवाणूंची वाट बदलते आणि ट्रान्स-१०, सिस-१२ या रचनेचं संयुग्मित लिनोलेइक आम्ल तयार होऊ लागतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या गटानं २००० साली दाखवलं, की हे शुद्ध संयुग दिवसाला केवळ १० ग्रॅम थेट चौथ्या पोटात सोडलं, तर चार दिवसांत दुधातला स्निग्धांश ४० टक्क्यांहून अधिक घटतो. त्याचंच जुळं भावंड असलेलं सिस-९, ट्रान्स-११ हे संयुग तेवढंच दिलं, तर काहीच होत नाही. दुधाचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास तेच राहिलं.

त्यानंतर हेच संयुग गायीच्या स्तनपेशींवर ताटलीत तपासलं गेलं. तिथे त्यानं एसआरईबीपी-१ सक्रिय होण्याची क्रिया रोखली आणि मेद घडवणाऱ्या विकरांची जनुकं मंदावली. गायीत दिसलेलं आणि ताटलीत दिसलेलं इथे तंतोतंत जुळलं. का जुळलं? कारण आधी गायीच्या शरीरात नेमकं कोणतं द्रव्य तयार होतं हे शोधलं गेलं, मग तेच द्रव्य पेशीला दिलं गेलं. पेशीचा प्रयोग शेवटी आला, पहिल्यांदा नाही. वनस्पतिजन्य संयुगांवरचं बरंचसं काम याच्या उलट दिशेनं चालतं आणि म्हणूनच खाद्यापर्यंत पोचता पोचता विरून जातं.

दाह आणि ऑक्सिडेशनचा ताण, या बाजूनं पेशींवर भरपूर काम झालं आहे. ई. कोलाय जीवाणूच्या आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड पेशींवर टाकलं, की एनएफ-कॅपा-बी ही दाहाची यंत्रणा पेटते, स्टॅट-५ चा इशारा मंदावतो, केसिन घटतं आणि घट्ट सांधे सैल होतात. कासदाहात दूध खारट का होतं आणि त्यातलं लॅक्टोज का घसरतं, त्याचं हे पेशीतलं रूप. आधी क्वेर्सेटिन, रेस्वेराट्रोल किंवा बायकॅलिनसारखं संयुग दिलं, तर हा भडका बऱ्याच प्रमाणात आवरला जातो. ही संयुगं एनआरएफ-२ या संरक्षक यंत्रणेलाही जागं करतात, जी पेशीच्या स्वतःच्या प्रतिऑक्सिडीकारक विकरांचं उत्पादन वाढवते. माझ्या मते वनस्पतिजन्य संयुगांकडून खरी अपेक्षा ठेवावी ती इथेच: विल्यानंतरच्या ताणाच्या आठवड्यांत पेशी वाचवणं. निरोगी पेशीला जास्त पळवण्याची त्यांची क्षमता मला कधी फारशी पटलेली नाही.

पण इथे डोसचा प्रश्न आडवा येतो. ताटलीत क्वेर्सेटिन बहुधा १० ते १०० मायक्रोमोल प्रति लिटर या पातळीवर दिलं जातं. गायीला क्वेर्सेटिन खाऊ घातलं तर कोठीपोटात त्याच्या रचनेतलं मधलं कडं फुटतं आणि त्याची साधी फिनॉलिक आम्लं होतात. जे थोडं वाचतं ते आतड्यात आणि यकृतात ग्लुकुरोनाइड किंवा सल्फेट जोडून रक्तात फिरतं. रक्तातली पातळी ताटलीतल्या पातळीच्या आसपासही येत नाही. यातली एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट: साखर जोडलेलं रूप, म्हणजे रुटिन, कोठीपोटात दिलं तर गायीत सुट्या क्वेर्सेटिनपेक्षा रक्तात जास्त पोचतं. माणसात नेमकं उलट दिसतं. माणसाच्या पोषणावरचं ज्ञान गायीला जसंच्या तसं लावणं किती धोक्याचं आहे, ते एवढ्यावरून कळावं.

काही संयुगं तर पेशीपर्यंत जातच नाहीत आणि तरीही दूध वाढवतात. संघनित टॅनिन हे तुरट वनस्पतिद्रव्य घ्या. कोठीपोटाच्या जवळजवळ उदासीन सामूत ते चाऱ्यातल्या प्रथिनाला घट्ट बांधून ठेवतं, चौथ्या पोटाच्या तीव्र आम्लात ते सोडून देतं. परिणामी प्रथिन जीवाणूंच्या तावडीतून सुटून आतड्यात पोचतं आणि रक्तात ॲमिनो आम्लं वाढतात. कासेतली एमटॉर यंत्रणा त्याला प्रतिसाद देते. न्यूझीलंडमध्ये लोटस या चारापिकावर गायींनी रायग्रासपेक्षा जास्त दूध दिलं, आणि टॅनिन निष्प्रभ करणारं पॉलिइथिलीन ग्लायकॉल दिल्यावर त्या वाढीतला काही भाग नाहीसा झाला. इतकी स्वच्छ पडताळणी या क्षेत्रात दुर्मीळ आहे. टॅनिन चाऱ्याच्या शुष्क भागाच्या २ ते ४ टक्के असेल तोवर फायदा, ५ टक्क्यांच्या वर गेलं की चव तुरट होते, पचन घटतं आणि गाय कमी खाते. टॅनिनचा अर्क कासेतल्या पेशींवर थेट ओतून काढलेला निष्कर्ष मला म्हणूनच बिनकामाचा वाटतो.

वाष्पशील तेलांचं, म्हणजे थायमॉल, कार्व्हाक्रॉल, युजेनॉल, सिनामाल्डिहाइड यांचंही काम मुख्यतः कोठीपोटातल्या जीवाणूंवर चालतं. युरोपीय संघानं १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी प्रतिजैविकं खाद्यात घालणं बंद केलं, तेव्हापासून त्यांना मागणी आली. सॅपोनिनं, म्हणजे साबणासारखा फेस देणारी वनस्पतिद्रव्यं, कोठीपोटातले आदिजीव मारतात, कारण ती त्यांच्या पटलातल्या स्टेरॉलला चिकटतात. मिल्क थिसल या काटेरी वनस्पतीतलं सिलिमरीन यकृतासाठी दिलं जातं. व्यायच्या आसपास ते दिल्यावर दूध वाढल्याचे प्रयोग आहेत आणि ग्लुकोज यकृतात घडतं हे वर सांगितलंच आहे.

शतावरी आणि मेथीबद्दल हमखास विचारलं जातं, म्हणून त्यांच्याबद्दल स्वतंत्रपणे लिहितो. दोन्हींत स्टेरॉइडी सॅपोनिनं आहेत. उंदीरवर्गीय प्राण्यांवरच्या प्रयोगांत दुग्धवर्धक वनस्पती प्रोलॅक्टिन वाढवतात असं दिसलं, की तोच युक्तिवाद गायीला लावला जातो. उंदरात प्रोलॅक्टिन दाबलं तर दूध जवळजवळ बंद होतं, इतका तो प्राणी त्यावर अवलंबून आहे. गायीत विताना प्रोलॅक्टिन अत्यावश्यक असतं. वेत रुळल्यावर मात्र दुधाच्या प्रमाणावर वाढ-संप्रेरकाचा पगडा मोठा असतो. त्यामुळे चालू वेतात प्रोलॅक्टिन थोडं वाढलं म्हणून गायीचं दूध त्याच मापात वाढेल असं धरता येत नाही. पाचक म्हणून, भूक वाढवणारी म्हणून या वनस्पतींचा उपयोग होत असेल, तर त्याचं मोजमाप खाल्लेल्या चाऱ्याच्या वजनावरून करावं.

पेशींवरचे अहवाल वाचताना मी काय पाहतो, तेही सांगतो. गायीच्या स्तनपेशींची सर्वांत वापरली जाणारी वंशरेषा मॅक-टी. ती १९९१ साली, एसव्ही-४० विषाणूचं एक जनुक घालून अमर केलेल्या पेशींतून तयार झाली. सतत विभागत राहणाऱ्या पेशी आणि दूध स्रवणाऱ्या पेशी यांचा स्वभाव वेगळा असतो. दूध स्रवायला लावणारं प्रोलॅक्टिन, इन्सुलिन आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं होतं का, पेशी कोलॅजनच्या थरावर किंवा सच्छिद्र पडद्यावर वाढवल्या होत्या का, हे आधी बघावं. नुसत्या प्लास्टिकवर पसरलेल्या पेशींना वर-खाल कळत नाही, मग त्या दूध कोणत्या बाजूला सोडणार? ताज्या कासेतून वेगळ्या केलेल्या प्राथमिक पेशी अधिक विश्वासार्ह असतात, पण काही पिढ्यांतच आपलं काम विसरतात.

मोजमापातही सापळे आहेत. पेशी जिवंत आहेत का हे पाहायला एमटीटी नावाचा रंग वापरतात. क्वेर्सेटिनसारखी अनेक फ्लेवोनॉइडं पेशी नसतानाही त्या रंगाचं क्षपण करतात, आणि पेशी वाढल्याचा भास होतो. काही पॉलिफिनॉलं पोषक द्रावणात स्वतःच ऑक्सिडाइझ होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, मग दिसणारा परिणाम वनस्पतीचा नसून पेरॉक्साइडचा असतो. केवळ केसिनच्या आरएनएची पातळी दिली असेल, तर तेवढ्यावर थांबू नये. स्रवलेलं बीटा-केसिन, फॉस्फेट जोडलेलं स्टॅट-५, सांधे किती घट्ट आहेत ते दाखवणारा थराचा विद्युत्रोध आणि बाहेर पडलेलं लॅक्टोज, हे सगळं एका दिशेला बोललं पाहिजे.

मग गोठ्यात एखादं वनस्पतिजन्य पूरक तपासायचं असेल तर कसं तपासावं? 'आधी किती, नंतर किती' अशी तुलना करू नका. विल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांपर्यंत दूध आपोआप चढतं आणि नंतर आपोआप उतरतं, त्यामुळे पूरक सुरू केल्याची वेळच निकाल ठरवून टाकते. वेताच्या एकाच टप्प्यातल्या गायींचे दोन गट करा, दोन-तीन आठवड्यांनी पूरक गटांमध्ये अदलाबदल करा, आणि बदलानंतरचा पहिला आठवडा हिशोबातून वगळा. तेवढा वेळ कोठीपोटातल्या जीवाणूंना जुळवून घ्यायला लागतो. खाल्लेल्या चाऱ्याचं वजन रोज घ्या, कारण दूध वाढून खाणंही तितकंच वाढलं असेल तर कासेतल्या पेशीशी त्याचा संबंध जोडण्याचं कारण उरत नाही. दुधाबरोबर स्निग्धांश, प्रथिन, लॅक्टोज, सोडियम आणि सोमॅटिक सेल काउंट (दुधात उतरलेल्या शरीरपेशींची संख्या, कासदाहाची खूण) मागवा. लॅक्टोजची टक्केवारी स्थिर राहून दूध वाढलं, तर पेशी खरोखर जास्त लॅक्टोज घडवत आहेत. लॅक्टोजची टक्केवारी घसरून सोडियम वाढलं, तर सांधे सैल पडत आहेत, आणि त्या गायीचं पूरक त्याच दिवशी थांबवून कास तपासून घ्यावी.